ट्रॅक्टर रुळावर चालवायचाय? आधी टेप, मग ब्रेक, वेल्डिंग सगळ्यात शेवटी

कारखान्याची स्वतःची सायडिंग असते, म्हणजे मेन लाइनवरून आत आणलेला दोन-तीन किलोमीटर रूळ असतो, तिथं फिशप्लेटी, स्लीपर, गिट्टीच्या गोण्या वाहायच्या असतात, गवत काढायचं असतं, पावसाळा संपला की सगळा रूळ बघून घ्यायचा असतो. मग कुणीतरी म्हणतं, जुना ट्रॅक्टर पडलाय, त्याला लोखंडी चाकं लावू आणि रुळावरूनच फिरवू. कल्पना चांगली आहे आणि नीट केली तर वर्षानुवर्षं चालते. फक्त लोक ज्या क्रमानं हे करतात तो क्रमच उलटा असतो: आधी भंगारातून चाकं आणतात, मग वेल्डिंग मारतात, मग गाडी रुळावर ठेवतात, मग कळतं की ब्रेक लागत नाहीये, आणि परवानगीची आठवण काहीतरी घडल्यावर होते.

खालचं सगळं ब्रॉडगेज खासगी सायडिंगसाठी आहे, हळू चालणाऱ्या गाडीसाठी, म्हणजे रस्त्यावरही चालेल आणि रुळावरही चालेल अशी. रबरी टायर तसेच ठेवायचे आणि त्यांच्या जोडीला खाली-वर होणारी लोखंडी चाकं बसवायची. मेन लाइनवर चालवायचा विचार असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, ते काम रेल्वेच्या मंजुरीनं तयार झालेल्या मशीनचं आहे.

## टप्पा १: कागदपत्रं आणि रूळ, दोन्ही चालत जाऊन बघा

खासगी सायडिंग म्हणजे आपल्या बापाची जमीन असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. सायडिंगचा रेल्वेशी करार असतो, कुठपर्यंत कारखान्याची जबाबदारी आणि कुठून रेल्वेची याची हद्द ठरलेली असते, आणि रेल्वेची गाडी तुमच्या रुळावर येणारच असते. म्हणून सायडिंगच्या इन्चार्जची लेखी परवानगी, रेल्वेच्या संबंधित अधिकाऱ्याला पत्र आणि त्यांचं लेखी उत्तर, हे हातात आल्याशिवाय एक भोकसुद्धा पाडू नका. हद्दीपलीकडे विनापरवानगी गेलात तर १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं कलम १४७ लागतं. आणि गाडी रस्त्यावरही चालणार असेल तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला आरटीओची मंजुरी. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.

मग टेप, वही आणि एक माणूस बरोबर घेऊन पूर्ण सायडिंग चाला. ह्या गोष्टी लिहून घ्यायच्या:

- रूळ कुठला, ५२ किलोचा की ६० किलोचा (एक मीटर रुळाचं वजन). ५२ च्या डोक्याची रुंदी ६७ मिली, ६० च्याची ७२ मिली.
- गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, १६७६ मिली आहे की वळणावर वाढलंय.
- सगळ्यात तीव्र वळण आणि सगळ्यात मोठा उतार कुठं.
- पॉइंट्स-क्रॉसिंग (रूळ फुटतात आणि एकमेकांना ओलांडतात त्या जागा) किती, चेक रेल (चाकाला आतून धरून ठेवणारा जोडरूळ) कुठं.
- काँक्रीटमध्ये बुजलेला रूळ कुठं आहे आणि फ्लँज (लोखंडी चाकाची आतली उभी कड) जायच्या खाचेत माती-सिमेंट भरलंय का.
- वर विजेची तार आहे का.

तार असेल तर ती २५,००० व्होल्टची आहे, तिच्यापासून दोन मीटरच्या आत माणूस, शिडी, रॉड, काहीही जाता कामा नये. ट्रॅक्टरच्या छतावर उभं राहून फांद्या तोडायचा प्रकार तिथं पूर्ण बंद.

तपासणी: उतार १:४०० पेक्षा जास्त कुठं आहे का ते लेव्हल लावून बघा. ह्याचं कारण शेवटच्या टप्प्यात येईल.

## टप्पा २: गाडी निवडताना टायरचा मध्य मोजा

इथंच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. अमेरिकेतले व्हिडिओ बघितले तर पिकअप फाटकावर येते, पुढची-मागची लोखंडी चाकं खाली करते आणि निघते, मागचे टायर बरोबर रुळावर बसलेले असतात. ते बसतात कारण तिकडचं गेज १४३५ मिली आहे, रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर साधारण १५०० येतं, आणि त्या पिकअपचे टायर त्या अंतराशी जुळतात. आपलं गेज १६७६. त्यात रुळाच्या डोक्याची रुंदी मिळवा, म्हणजे मध्यापासून मध्य १७४३ ते १७४८ मिली, धरा १७४५. आपल्याकडच्या पिकअपचं टायर ते टायर अंतर ह्यापेक्षा बरंच कमी असतं, त्यामुळे टायर रुळाच्या आतल्या कडेला अर्धवट लटकतो किंवा सरळ आत पडतो. व्हिडिओ बघून पिकअप घेतली तर पुढचं सगळं जुगाडच होणार.

सहाचाकी ट्रकची अडचण वेगळी आहे. मागे जोडटायर असतात, आणि १७४५ चा आकडा काही मॉडेलमध्ये नेमका दोन टायरांच्या मधल्या फटीत येतो, म्हणजे रूळ फटीत आणि टायर हवेत, तर काहींमध्ये तो फक्त बाहेरच्या टायरवर येतो आणि दोघांनी उचलायचं वजन एकटा टायर उचलतो. ब्रोशरमधला ट्रॅकचा (डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा) आकडा जोडटायरांच्या मध्याचा असतो, त्यावरून काहीच ठरवू नका, प्रत्येक टायरचा मध्य खडूनं मार्क करून स्वतः मोजा.

म्हणूनच माझं मत सायडिंगसाठी ट्रॅक्टरकडे झुकतं. बहुतेक ट्रॅक्टरांत मागच्या चाकाची डिस्क आणि रिम उलटसुलट लावून ट्रॅक कमी-जास्त करता येतो, शेतकरी पिकाच्या ओळीप्रमाणे तेच करतो. तुमच्या ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये १७४५ च्या जवळची जोडणी आहे का बघा. टायरचा मध्य रुळाच्या मध्यापासून २५ मिलीच्या आत आला पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा. वॉशर आणि स्पेसर घालून अंतर ओढायचं नाही, एक्सलच्या बेअरिंगवर त्याचा ताण येतो.

टायर शेतीच्या तिरक्या खाचांचे असतील तर बदला. रुळाशी टायरची फक्त ७० मिलीची पट्टी टेकते, तिथं खाच आली की टेकणं, सुटणं, टेकणं, असं चालू राहतं, गाडी थडथडते आणि नेमकं ब्रेक लागताना रबर कमी पडतं. मध्ये सलग रबर असलेले, रस्त्याच्या नक्षीचे टायर घ्या, आणि हवा टायर कंपनीनं दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत ठेवा, त्यापुढे नाही.

## टप्पा ३: वजनकाट्यावर तीनदा

पूर्ण गाडी, फक्त पुढचा एक्सल, फक्त मागचा एक्सल. तिन्ही पावत्या जपून ठेवा. लोखंडी चाकं, फ्रेम, सिलिंडर बसल्यावर परत तीनदा काटा करायचा आहे, आणि एक्सलची मर्यादा तेव्हाही ओलांडलेली नसावी.

हे कशाला? कारण पुढचा सगळा हिशोब मागच्या टायरवर किती वजन उरतं त्यावर आहे. गाडी चालवणारे तेच, थांबवणारेही तेच. मागची लोखंडी चाकं जास्त दाबली की टायर हलका होतो, मग चाक जागेवर फिरतं. फार कमी दाबली तर फ्लँज वळणावर रुळावर चढतो. ह्या दोन टोकांमधला दाब शोधणं हेच ह्या कामातलं खरं कौशल्य आहे आणि ते काटा केल्याशिवाय अंदाजानं होत नाही. मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवायची आपल्याकडची जुनी पद्धत इथं उपयोगी पडते, फक्त दोन्ही टायरमध्ये सारखं भरा.

## टप्पा ४: ब्रेक, चाकं घेण्याआधी

रस्त्यावर चारही टायर गाडी थांबवतात. रुळावर पुढचे टायर वर उचललेले असतात, म्हणजे ट्रक असेल तर पुढचे ब्रेक असून नसल्यासारखे. ट्रॅक्टरला तर पुढे ब्रेक नसतातच. राहिले मागचे दोन टायर, तेही गुळगुळीत लोखंडावर.

आकडे बघा. ताशी २० किमी वेग, मागच्या टायरवर एकूण वजनाच्या ६० टक्के, कोरडा रूळ, घर्षण ०.५ धरलं तर ब्रेक लागल्यावर साधारण ५ मीटरमध्ये गाडी थांबते. तोच रूळ ओला, वर कोळशाची किंवा सिमेंटची भुकटी, घर्षण ०.१५ वर आलं की १७ मीटरच्या पुढे. ड्रायव्हरनं बघून पाय टाकेपर्यंतचा दीड सेकंद म्हणजे आणखी ८ मीटर. म्हणजे २५ मीटर. पहिल्या पावसाच्या सरीत, जेव्हा भुकटीचा चिखल होतो, तेव्हा हे सगळ्यात वाईट असतं.

म्हणून लोखंडी चाकांना स्वतःचे ब्रेक हवेत, निदान एका जोडीला तरी, आणि ते पेडलशी जोडलेले. ब्रिटनमध्ये रस्ता-रूळ अशा दोन्हीवर चालणारी मशीन्स सुटून पळाल्याच्या इतक्या घटना झाल्या की तिथल्या रेल्वे अपघात तपास यंत्रणेनं २००९ मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल काढला, आणि पुढे लोखंडी चाकांवर थेट ब्रेक ही तिथं अटच झाली. बऱ्याच घटना गाडी रुळावर चढवताना किंवा उतरवताना घडल्या: रबरी टायर, ज्यांना ब्रेक होता, ते उचलले गेले आणि गाडी ब्रेक नसलेल्या लोखंडी चाकांवर उभी राहिली. थोडासा उतार पुरतो.

ट्रॅक्टरसाठी आणखी एक. डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो, त्यांना जोडणारी पट्टी रुळावर कायम लावलेली हवी. एकच पेडल दाबलं गेलं तर थांबवण्याची ताकद अर्धी.

सावधान: हँडब्रेकवर भरवसा ठेवून रुळावर उभ्या गाडीतून उतरायचं नाही. दोन लोखंडी स्किड किंवा लाकडी गुटके गाडीला साखळीनं बांधलेले असावेत, उतरलं की आधी ते चाकाखाली.

## टप्पा ५: लोखंडी चाकं आणि ते १६०० मिली

चाकं ओतीव किंवा फोर्ज केलेली घ्या. जाड प्लेट गॅसनं कापून त्यावर रिंग वेल्ड केलेलं चाक क्रॉसिंगच्या धक्क्यानं वेल्डवरच तडकतं. खाणीच्या डब्यांची जुनी चाकंही नकोत, त्यांचा फ्लँज आणि तळाचा आकार वेगळ्या रुळासाठी असतो. व्यास जेवढा मोठा बसेल तेवढा बरा, लहान चाक क्रॉसिंगच्या फटीत खाली बसतं आणि नाकावर, म्हणजे दोन रूळ मिळतात त्या टोकावर, आपटतं.

आता मुख्य माप. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर आपल्या ब्रॉडगेजवर १६०० मिली. इतकं काटेकोर का ते समजून घ्या, कारण फॅब्रिकेटर म्हणतो "पाच-दहा मिलीनं काय होतंय साहेब". क्रॉसिंगवर चेक रेल रुळापासून कमीत कमी ४४ मिलीवर असतो. दोन्ही बाजूंचे ४४ वजा केले तर १६७६ मधून उरतात १५८८. पाठीतलं अंतर ह्यापेक्षा कमी झालं तर चाकं मधल्या भागाला चिमट्यासारखी पकडतात आणि वर चढतात. उलट बाजूनं बघा: चेक रेलपासून समोरच्या क्रॉसिंगच्या नाकापर्यंत १६३२ आहेत, आणि १६०० मध्ये एका फ्लँजची साधारण २८ मिली जाडी मिळवली की १६२८ होतात. म्हणजे मोकळीक फक्त चार मिलीची. अंतर १६०५ केलंत की फ्लँज थेट नाकावर. साध्या रुळावर गाडी मजेत चालेल, काही कळणार नाही, आणि पहिल्याच पॉइंट्सवर उतरेल.

चाकं वेगवेगळ्या स्टबवर (आखूड, सुट्या एक्सलवर) फिरणारी असतील तर लक्षात ठेवा, रेल्वेच्या अखंड एक्सलसारखी ती आपोआप मध्यावर येत नाहीत, फक्त फ्लँजच त्यांना धरून ठेवतो. त्यामुळे चाकं एकमेकांना समांतर असणं इथं जास्त महत्त्वाचं.

सायडिंगच्या कुठल्याही तुकड्यावर ट्रॅक सर्किट (रुळातल्या विजेवरून गाडी आहे का ते सिग्नलला कळवणारी व्यवस्था) असेल तर चाकं इन्सुलेट करायची का ते रेल्वेच्या सिग्नल विभागाला विचारूनच ठरवा. हलकी गाडी आणि गंजलेला रूळ असला की ती कधी सिग्नलला दिसते, कधी नाही, आणि ही अर्धवट अवस्था सगळ्यात धोक्याची. रेल्वेच्या ट्रॉलीची चाकं इन्सुलेटेड असतात, म्हणजे ती सिग्नलला दिसतच नाही आणि तिचं रक्षण माणसांनी लाल झेंड्यानं करायचं असतं. तुमच्याकडेही गाडी रुळावर असताना दुसरं काही आत येणार नाही याची लेखी व्यवस्था हवीच.

## टप्पा ६: बसवणं

आता वेल्डिंग, तेही शक्य तितकं कमी. ट्रकच्या चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर भोक किंवा वेल्ड नको, उभ्या बाजूला हाय टेन्साइल बोल्टनं ब्रॅकेट लावा. ट्रॅक्टरला पुढची फ्रेम पुढच्या एक्सलच्या ओतीव सपोर्टला आणि मागची मागच्या एक्सलच्या हाउसिंगला, कंपनीनं दिलेल्या भोकांत. ओतीव भागावर वेल्डिंग मारलं की तिथूनच तडा जातो.

क्रम असा ठेवा:

1. सपाट काँक्रीटवर गाडीची मध्यरेषा ओळंब्यानं जमिनीवर उतरवा.
2. चारही लोखंडी चाकं ह्या रेषेवरून मोजून तात्पुरती क्लॅम्प करा.
3. कर्ण मोजा, पुढचं डावं ते मागचं उजवं आणि उलट. फरक ३ मिलीच्या आत येईपर्यंत पुढे जाऊ नका.
4. मग बोल्ट, मग टॉर्क रेंच, मग बोल्टवर रंगाची खूण, म्हणजे नंतर सैल झालेला लगेच दिसतो.
5. स्टीअरिंग सरळ लॉक करणारी पट्टी आणि पिन.

पुढची लोखंडी जोडी मधोमध पिव्होटवर असू द्या, ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल झुलतो तशी. रूळ कधीच एका पातळीत नसतो, घट्ट फ्रेमचं एक चाक हवेत राहतं आणि जे चाक हवेत तेच उतरतं.

चाकं खाली केल्यावर वजन सिलिंडरवर राहता कामा नये. होज फुटली की गाडी त्याच क्षणी घसरते. खाली आणि वर, दोन्ही ठिकाणी मेकॅनिकल पिन किंवा लॉक हवंच.

तपासणी: एका पुढच्या चाकाखाली २५ मिलीचं पॅकिंग घाला. बाकीची तिन्ही चाकं आणि दोन्ही टायर रुळाला टेकलेलेच असले पाहिजेत. खाली कागद सरकवून बघा, सरकला तर काम बाकी आहे.

## टप्पा ७: चढणं आणि उतरणं

सपाट फाटकावर, कधीच उतारावर नाही. गुटके हाताशी. मागचे टायर रुळाच्या मध्यावर आणा, मागची चाकं खाली करा, पिन लावा, उतरून बघा की टायर अजून रुळावर दाबून बसलाय. ते झाल्यावर पुढची बाजू स्टीअरिंगनं जुळवा, पुढची चाकं खाली, पिन, स्टीअरिंग लॉक. पुढची आधी खाली केली तर मागची जुळवायला काही उरत नाही, आणि लोक मग पहारीनं ढकलत बसतात. उतरताना बरोबर उलट.

तुमच्या रचनेत मागचे टायर पूर्ण उचलले जात असतील तर नियम वेगळा: ज्या बाजूला ब्रेक आहे ती बाजू शेवटी उचलायची, आणि त्याआधी गुटके लागलेले हवेत.

## टप्पा ८: चाचणी, माणसाच्या चालीनं

पहिली फेरी चालण्याच्या वेगानं, दोन्ही बाजूंना एकेक माणूस चाकं बघत. आधी सरळ रूळ, मग वळण, मग क्रॉसिंग, दोन्ही दिशांनी. रुळावर गाडी वळवता येत नाही, परतीचा पूर्ण प्रवास रिव्हर्समध्ये असतो, म्हणून मागचे दिवे, हॉर्न आणि मागे बघणारा माणूस चाचणीपासूनच. वेग ताशी १५ च्या पुढे नेण्याची सायडिंगवर गरज नसते, पॉइंट्सवर चालीचाच वेग.

ब्रेकची चाचणी रूळ पाण्यानं भिजवून करा, गाडीत तुमचं नेहमीचं वजन टाकून, उताराच्या दिशेनं. थांबलेलं अंतर मोजा आणि ड्रायव्हरसमोर चिकटवा.

फेरी झाली की हबला हात लावा. एक हब गरम म्हणजे बेअरिंग घट्ट किंवा ब्रेक घासतोय. एकाच बाजूचा फ्लँज चकचकीत आणि रुळाच्या कडेला लोखंडाची भुकटी म्हणजे चाकं समांतर नाहीत, टप्पा ६ परत. सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क करा, पहिल्या दिवसानंतर ते सैल होतातच.

## टप्पा ९: डिझेल कुठं वाचतं आणि वॅगनचा मोह

लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना विरोध फार कमी असतो, डांबरावरच्या टायरच्या साधारण सहावा ते दहावा हिस्सा. पण ह्या गाडीत निम्म्याहून जास्त वजन टायरवरच असतं, त्यामुळे तो सगळा फायदा गाडीला मिळत नाही. खरा फायदा मागच्या ट्रॉलीत आहे. सामान गाडीवर लादण्यापेक्षा चारही लोखंडी चाकांच्या, स्वतःचे ब्रेक असलेल्या हलक्या ट्रॉलीवर ठेवा, तीच गाडी कितीतरी जास्त ओढते. बाकी डिझेल वाचतं ते टायरची हवा, न घासणारे ब्रेक आणि समांतर चाकं यातून.

आणि मग मोह होतो वॅगन ओढायचा. हिशोब करा. भरलेली बॉक्सएन वॅगन (कोळसा वाहणारी उघडी वॅगन) ८१ टनांची. सपाटीवर ती हलवायला टनाला ४ किलो धरले तरी सव्वातीनशे किलोची ओढ पुरते, ती ट्रॅक्टरला सहज जमते, म्हणूनच लोक फसतात. १:४०० च्या उतारावर तीच वॅगन २०० किलोनं खाली ढकलते, आणि चालू वॅगनचा विरोध त्याहून कमी असतो, म्हणजे ती आपली आपण पळते. तिचे एअर ब्रेक चालवायला तुमच्या ट्रॅक्टरवर काही नाही. तीन टनांचा ट्रॅक्टर आणि मागून ८१ टन, ओल्या रुळावर. त्यात ट्रॅक्टरचा हुक खाली आणि वॅगनचा कपलर एक मीटरच्या वर, तिरकी साखळी ट्रॅक्टरचं मागचं वजन उचलते, म्हणजे पकड आणखी कमी. शंटिंगसाठी, म्हणजे वॅगन इकडून तिकडे हलवायला, वॅगनचे ब्रेक चालवणारं शंटिंग मशीन घ्या किंवा भाड्यानं आणा. ह्या गाडीच्या हुकवर "वॅगन जोडू नये" असं मोठ्या अक्षरात रंगवा, रात्रपाळीच्या माणसालाही दिसेल असं.

रोज निघण्याआधी बघायचं ते इतकंच: पिना, होज, टायरची हवा, ब्रेकची पट्टी, गुटके, हॉर्न, दिवे. महिन्यातून एकदा १६०० चं माप तीन ठिकाणी, चाक फिरवून फिरवून, आणि फ्लँजची जाडी. गाडी रुळावरून एकदा जरी उतरली, अगदी हळू वेगात आणि काही झालं नाही असं वाटलं तरी, हे माप घेतल्याशिवाय ती परत रुळावर ठेवायची नाही.